सोफ्याची चौथी बाजू

मांजर गाभण आहे हे मला सोडून सगळ्या गल्लीला कळलं होतं. मी आपली म्हणत होते, बया खाते तरी किती! आमच्या दुकानासमोर फाडून काढलेल्या जुन्या फोमचा ढीग पडलेला असतो. त्यावर ती चार दिवस येऊन बसत होती आणि मी तिला माझ्या ताटातलं काहीबाही नेऊन टाकत होते. पाचव्या दिवशी तिचं पोट दोन्ही बाजूंनी टम्म दिसलं तेव्हा मी दादाला म्हटलं, "हिला जंत झालेत बहुतेक."

दादाने तोंडात धरलेले खिळे आधी हातात घेतले आणि मग हसला.

"छोटे, जंत नाहीत, पिल्लं आहेत. सेहेचाळीस पूर्ण झाली ना गं तुला?"

सेहेचाळीस पूर्ण झाली तरी मी छोटीच. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडिलांच्या मागे दुकान त्याने सांभाळलं. सोफे, खुर्च्या, गाद्या, जे जुनं होऊन येईल ते नवं करून द्यायचं. लाकूड, पट्टे आणि स्प्रिंगा दादाकडे, कापड आणि शिलाई माझ्याकडे. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर वहिनीचं राज्य. तिथे मी राहते, म्हणजे माझी खाट आणि माझं कपाट राहतं. मशीन आईचं, दुकान वडिलांचं, घर दादा-वहिनीचं. माझं म्हणून काय असं कुणी विचारलं असतं तर मी चष्मा दाखवला असता.

तर ती मांजर मला हवी होती. इतकी हवी होती की मला स्वतःचीच लाज वाटली. आमच्या घरात कधी कुत्रं-मांजर नव्हतं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

वहिनीने ऐकल्याबरोबर नाक मुरडलं. "वन्सं, मांजराचे केस कापडावर बसतात. गिऱ्हाईक शिंकत परत येईल. शिवाय आज एक आहे, उद्या पाच होतील."

मी भांडायच्या तयारीत होते, पण दादाच मधे पडला. "राहू दे गं. हिने आजवर कधी काही मागितलंय का? बाळंत होऊ दे, मग बघू." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझी म्हणून ठेव, छोटे. पाहुणी आली समज."

म्हणून तिचं नाव पाहुणी. तुझी म्हणून ठेव, असं मला त्याआधी कुणी काही म्हटलं नव्हतं. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी मशीनवर उगाच एक सरळ शिवण मारून घेतली. नंतर ती उसवावी लागली.

दादाने तिला स्वतःच्या हाताने खोकं केलं. चांगल्या फळीचं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत फोमचा तुकडा आणि त्यावर जुन्या पडद्याचं कापड. मी तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी मला आधी दुधावरून झापलं. मांजराला वाटीभर दूध पाजायचं असतं असा माझा पक्का समज होता. मग पोट दाबून पाहिलं, चार असावीत म्हणाल्या, आठवडाभरात होतील. "खोकं अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पिल्लं झाल्यावर जागेवरून हलवू नका. हलवलीत तर ती तिच्या मनाने दुसरी जागा शोधेल." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी, भर दुपारी, मी गादीच्या कडेला दोरी भरत असताना ती बाळंत झाली. चार पिल्लं. दोन तिच्यासारखी करडी, एक काळं, एक पांढरं, नुसती ओल्या कापसाच्या वातींसारखी. दादा हातातलं काम टाकून येऊन उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. "एकटीने केलं बघ सगळं," असं म्हणाला. वहिनी जिन्यातूनच वाकून बघून गेली, पण संध्याकाळी तिने माशाचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. आमच्या घरात चांगुलपणा असाच पकडला जातो, चोरासारखा.

आता दुकानाची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोफा सगळा तयार झाला की त्याच्या बुडाला काळं कापड ठोकतात. आतल्या स्प्रिंगा आणि पट्टे दिसू नयेत, धूळ पडू नये, म्हणून. सोफा दोन लाकडी घोड्यांवर चढवायचा आणि खाली बसून पिना मारायच्या. तीन बाजू ठोकायच्या, चौथी मोकळी ठेवायची, आतून सगळं एकदा हात घालून तपासायचं आणि मग चौथी बंद. चौथी बाजू बंद झाली की काम संपलं. पुन्हा उघडायचं नाही. हा वडिलांचा नेम. एकदा त्यांची स्वतःची कातर आत राहिली, तरी त्यांनी कापड उघडलं नाही. सोफा कातरीसकट गेला आणि ते नवी कातर घेऊन आले. दादा ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला हसत हसत सांगतो. सांगितलेला वार आणि सांगितलेली वेळ चुकवायची नाही, हा दुसरा नेम. आम्हाला गल्लीत मान आहे तो या दोन नेमांमुळे, असं दादा मानतो. मीही मानत होते.

पुढच्या आठवड्यात निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा मोठा सोफा आमच्याकडे होता. बाईंच्या घरी शुक्रवारी तीन वाजता मैत्रिणींचं वाचनमंडळ जमणार होतं, म्हणून सोफा शुक्रवारी सकाळी नऊला पोचवतो असं दादाने कबूल केलं होतं. गुरुवारी संध्याकाळी मी वर गेले तेव्हा सोफा घोड्यांवर होता. तीन बाजू ठोकून झालेल्या, चौथी मोकळी.

आणि त्याच गुरुवारी मी माती खाल्ली. पिल्लं दहा दिवसांची झाली होती, काळ्याचा एक डोळा किलकिला झाला होता. काम करता करता मला ती दिसावीत म्हणून मी खोकं कोपऱ्यातून उचललं आणि मशीनशेजारी, खिडकीपाशी आणून ठेवलं. दुपारभर उजेडात. पाहुणी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, किती प्रेमाने बघते.

शुक्रवारी मी पावणेदहाला खाली आले. सोफा गेलेला होता, घोडे रिकामे होते आणि खोकंही रिकामं होतं.

मी ओरडलेच. दादा मागच्या दाराशी हात धूत होता, धावत आला. "काय झालं?" मी खोक्याकडे बोट दाखवलं. त्याने खोक्यात पाहिलं, कापड उचलून पाहिलं, आणि म्हणाला, "अरेरे."

मग आम्ही दुकान पिंजून काढलं. कपाटांमागे, फोमच्या लाद्यांमध्ये, कापडांच्या गठ्ठ्यांखाली. दादा टॉर्च घेऊन पोटावर आडवा झाला आणि फळ्यांच्या राशीखाली बघू लागला. पंचावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, माझ्या मांजरासाठी जमिनीवर सरपटत होता. मला त्या घाईतही वाटलं, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

पाहुणी बाहेरून आली. सकाळची तिची फेरी असायची. आली ती खोक्याकडे वळलीच नाही, दुकानाच्या मधोमध उभी राहून ओरडू लागली.

"एखादा बोका शिरला असेल," दादा कपडे झटकत म्हणाला. "बोके खातात गं पिल्लं." थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "तू खोकं हलवायला नको होतंस, छोटे."

ते वाक्य माझ्या छातीत बसलं. खरंच होतं ते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माझ्या हौसेने चार जीव गेले. मी खाली बसले आणि रडले, आणि रडून झाल्यावर माणसाला कुणीतरी दुसरं लागतं तशी मी तरातरा वर गेले आणि वहिनीवर तुटून पडले.

"तूच टाकलीस ना कुठेतरी? पहिल्या दिवसापासून डोळ्यात सलत होती तुझ्या!"

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. "मला मांजर आवडत नाही, वन्सं. पण म्हणून मी दूधपिती पिल्लं फेकून देईन? बावीस वर्षं एका घरात राहून एवढंच ओळखलंत मला?"

मी आणखीही बोलले. ते इथे लिहीत नाही, कारण मला त्याची लाज वाटते. वहिनीने गॅस बंद केला आणि माझ्यापुढून खाली गेली. दुकानात जाऊन शोधायला लागली. तीही. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. दादा एव्हाना एका खुर्चीचे पट्टे ताणायला बसला होता. "किती वेळ शोधणार? गेली ती गेली," म्हणाला, पण प्रेमाने म्हणाला.

वहिनीच मग थांबली आणि म्हणाली, "वन्सं, ती त्या घोड्यांवर का चढतेय सारखी?"

पाहुणी एका घोड्यावर उडी मारायची, दुसऱ्याकडे बघायची, मधल्या रिकाम्या जागेत मान उंच करून ओरडायची, उतरायची, पुन्हा चढायची. तिथे वर काहीच नव्हतं. काल सोफा होता.

अंधारी जागा, उबदार, खाली झोळीसारखं कापड आणि आत शिरायला एक बाजू मोकळी. मी मांजर असते तर मीही तिथेच नेली असती.

"दादा! सोफ्यात आहेत! तू बंद केलास त्यात!"

"छे, काहीतरीच," दादा वर न बघता म्हणाला. "मी तपासून बंद केला. हात घालून पाहिलं. नेम आहे ना आपला."

"कोपऱ्यात असतील. दिसली नसतील तुला."

"छोटे, लोकांच्या घरी जाऊन नवा सोफा फाडणार आहेस का तू? दुकानाचं नाव आहे."

मी बाईंना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग पक्कड, पिना उपसायचा चिमटा आणि एक टॉवेल पिशवीत टाकला आणि चपला शोधू लागले. वहिनी आधीच दारात उभी होती. "चला. सोफा उलटा करायला दोन माणसं लागतात," एवढंच म्हणाली. बसमध्ये मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. दार उघडंच होतं. बैठकीच्या खोलीत सात-आठ बायका होत्या आणि त्यातल्या पाच आमच्या सोफ्यावर बसल्या होत्या. भारदस्त, मांडीवर पुस्तकं घेतलेल्या, हातात कप धरलेल्या. त्यांच्या खाली माझी पिल्लं होती.

"उठा!" मी म्हटलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "उठा आधी, सगळ्या!"

मुख्याध्यापिकाबाईंना उभ्या आयुष्यात कुणी असं दरडावलं नसेल. पण माझा चेहरा बघून त्या उठल्या, आणि त्या उठल्या म्हणून बाकीच्या उठल्या. शांतता झाली तशी मला ऐकू आलं. बारीक, कुरकुरतं. अगदी थकलेलं.

वहिनीने आणि मी सोफा हळूहळू पाठीवर कलता केला. मी गुडघ्यांवर बसले आणि बुड बघितलं.

कापडाच्या मधोमध एक आडवी पट्टी मारलेली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आम्ही बुडाच्या कापडाला कधी पट्टी मारत नाही. कापडाला झोळ पडला तरच मारावी लागते, आणि ताणून बसवलेल्या कापडाला आत वजन असल्याशिवाय झोळ पडत नाही. अशी पट्टी मारायची असेल तर एका हाताने झोळ वर उचलून धरावा लागतो आणि दुसऱ्या हाताने पिना माराव्या लागतात. मी अठ्ठावीस वर्षं हे काम बघते आहे. दादाच्या डाव्या तळहाताला ऊब लागली असणार. पिल्लं हलत असणार.

मी हे सगळं पाहिलं आणि त्याच क्षणी बाजूला सारलं. काहीतरी कारण असेल, असं मनात म्हटलं. मनाला कारणं तयारच असतात.

चिमट्याने एकेक पीन उपसली. वहिनीने कापड धरलं. पट्टीच्या अलीकडे दोन होती, पलीकडे दोन. चारही जिवंत. पांढरं अगदी गार पडलं होतं. वहिनीने ते माझ्या हातातून घेतलं आणि ब्लाऊजच्या आत, अंगाशी धरलं. मांजर न आवडणारी माझी वहिनी. खोलीतल्या बायका एकदम बोलू लागल्या, कुणी गरम पाण्याची बाटली आणली, कुणी डोळे पुसले.

मुख्याध्यापिकाबाई मात्र उलट्या सोफ्याकडे बघत उभ्या होत्या.

"पण मग तुमच्या दादांनी मला तसं का सांगितलं?" त्या म्हणाल्या. "सोफा पोचायच्या आधीच त्यांचा फोन आला होता. म्हणाले, नव्या स्प्रिंगा आहेत, कुरकुर ऐकू आली तर घाबरू नका. दोन दिवसांत आपोआप बंद..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शिकवण्यात जन्म गेलेली बाई, बोलता बोलताच तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग पटकन दुसरीकडे बघितलं, जशी आपण उघड्या पडलेल्या माणसावरून नजर काढतो तशी.

मी कापड पुन्हा ठोकलं का, आम्ही निघालो कधी, मला आठवत नाही. बसमध्ये पिशवी मांडीवर होती आणि त्यात ती वळवळत होती. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "घरी गेल्यावर मी बोलू का आधी?"

"नको," मी म्हटलं.

मला राग आला होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग नंतर आला. तेव्हा मी फक्त मागचं एकेक उचलून बघत होते. सकाळी पोटावर आडवा होऊन तो काय शोधत होता? मी रडत होते तेव्हा टॉर्च त्याच्या हातात होता. खोकं हलवायला नको होतंस, असं तो मला म्हणाला होता. आणि मी त्या वाक्याबरोबर आणखी मागे मागे गेले. वीस वर्षांपूर्वी मला बघून गेलेल्या एका घरून नकार आला, असं दादानेच येऊन सांगितलं होतं. मला तो माणूस आवडला होता. वाटलं होतं, त्यालाही मी आवडले. मी कुणाला विचारलं नाही. कशाला विचारू? दादा सांगत होता.

दुकानात शिरल्याबरोबर पाहुणी पायात आली. मी पिल्लं खोक्यात ठेवली आणि खोकं अंधाऱ्या कोपऱ्यात. ती आत शिरली, आडवी झाली, आणि तीन लगेच चिकटली. पांढरं अजून वहिनीपाशी होतं. दादा खुर्चीवरून उठून आला. त्याचा चेहरा उजळला होता, आणि मी शपथेवर सांगते, तो आनंद खोटा नव्हता.

"सापडली? सगळी? वा!" त्याने वहिनीकडून पांढरं पिल्लू घेतलं, दोन्ही तळव्यांत धरलं, त्यावर फुंकर घातली. "जिवंत आहेत ना सगळी, मग आता रडतेस कशाला, वेडे?"

"बाईंना फोन कधी केलास?"

फोन कोणता, असं त्याने विचारलं नाही. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

"चौथी बाजू लागल्यावर कळलं गं," तो म्हणाला. "टेम्पो दारात उभा होता. नऊची वेळ दिलेली."

"उघडायचं होतंस."

"लागल्यावर उघडत नाही आपण." मला समजावून सांगावं तसं तो म्हणाला. "आणि तुला पाच मांजरं झेपली असती का? तुझ्याच त्रासाचं होतं सगळं. मी म्हटलं, तुला कळणारही नाही."

"मला कळणार नाही," मी म्हटलं. "दादा, दोन दिवस कुठून आणलेस?"

"म्हणजे?"

"दोन दिवसांत आवाज बंद होईल, असं सांगितलंस ना बाईंना? एक नाही, तीन नाहीत. दोनच का?"

त्याने थोडा विचार केला. कुठल्याही गिऱ्हाइकाने विचारलं की करतो तसा. दादा कामाबद्दल कधी खोटं बोलत नाही.

"इतकी लहान आहेत," तो म्हणाला. "दोनच्या वर नसती टिकली."

पांढरं पिल्लू त्याच्या तळव्यांत झोपलं होतं. ते त्याने मला दिलं नाही, मलाच त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.